लीडस्क्रू : घरगुती सीएनसी यंत्रासाठी निवड व खरेदी

लीडस्क्रू हा आटे पाडलेला लांब पोलादी दांडा होय. त्याच्यावरचा नट यंत्राच्या सरकत्या भागाला जखडलेला असतो, त्यामुळे मोटरने दांडा फिरवला की नट व त्यासोबत गाडा सरळ रेषेत पुढेमागे सरकतो. हेन्री मॉड्स्ली याने इ. स. १८०० च्या सुमारास लेथवर अचूक लीडस्क्रू व बदलती दंतचक्रे बसवली आणि आटे पाडण्याचे काम कारागिराच्या हाताऐवजी यंत्राच्या भरवशावर आले. लाकूड, अॅक्रिलिक किंवा अॅल्युमिनियम कापण्यासाठी घरी बांधलेल्या सीएनसी राउटरमध्ये (संगणकाच्या हुकमाने चालणाऱ्या कापणी यंत्रात) एक्स, वाय व झेड या तिन्ही अक्षांची हालचाल बहुधा याच भागावर अवलंबून असते.

निवडीची सुरुवात लीडपासून करावी. शेजारच्या दोन आट्यांमधले अंतर म्हणजे पिच आणि एका फेऱ्यात नट जितका सरकतो ते अंतर म्हणजे लीड. एकधारी, म्हणजे एकच आटा गुंडाळलेल्या, स्क्रूमध्ये दोन्ही सारखेच असतात. मात्र त्रिमितीय प्रिंटरमुळे सर्वत्र मिळू लागलेल्या ८ मिमी व्यासाच्या चारधारी स्क्रूत पिच २ मिमी, तर लीड ८ मिमी असते. स्टेपर मोटर, म्हणजे ठरावीक लहान टप्प्यांनी फिरणारी मोटर, एका फेऱ्यात बहुधा २०० पावले टाकते. म्हणजे २ मिमी लीडवर एका पूर्ण पावलात ०.०१ मिमी, ५ मिमीवर ०.०२५ मिमी आणि ८ मिमीवर ०.०४ मिमी सरक मिळते. उलट मिनिटाला ६०० फेऱ्यांवर गाड्याचा वेग अनुक्रमे मिनिटाला १,२००, ३,००० व ४,८०० मिमी होतो. वेग वाढला की स्टेपरचा जोर घटत जातो, त्यामुळे अगदी बारीक लीड घेऊन मोटर पळवण्याचा बेत लाकूडकामाच्या राउटरवर सहसा फसतो.

लांबीचा प्रश्न याहून कडक आहे. ठरावीक फेऱ्यांपुढे लांब दांडा मधोमध दोरीसारखा झुलू लागतो. ही मर्यादा आट्यांच्या तळाशी मोजलेल्या व्यासाच्या प्रमाणात वाढते, पण आधारांमधील अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. अंतर दुप्पट केले की मर्यादा चौथ्या हिश्शावर येते. दोन्ही टोकांना नुसत्या बेअरिंगवर टेकलेला ८ मिमीचा स्क्रू १ मीटर अंतरावर मिनिटाला सुमारे ५०० फेऱ्यांतच थरथरू लागतो, तर एक टोक घट्ट धरलेला १६ मिमीचा बॉलस्क्रू (नटात गोळ्या असलेला स्क्रू) तेवढ्याच अंतरावर दोन हजारांच्या जवळपास तग धरतो. म्हणून ८ मिमीचा स्क्रू झेड अक्षासाठी व छोट्या टेबलासाठीच राखून ठेवावा.

बाजारात साधारण तीन प्रकार मिळतात. हार्डवेअरच्या दुकानातली आटेदार सळई सर्वांत स्वस्त, पण तिचे ६० अंशांचे आटे घट्ट आवळण्यासाठी असतात, सरकण्यासाठी नव्हे. ती झिजते आणि अनेकदा मुळातच वाकडी असते. समलंब आट्यांचा स्क्रू (मेट्रिक मापात ३० अंश, अॅक्मी मापात २९ अंश) हा खरा लीडस्क्रू. तिसरा बॉलस्क्रू : त्यात नट व दांड्यामध्ये पोलादी गोळ्या लोळतात, त्यामुळे त्याची कार्यक्षमता ९० टक्क्यांच्या आसपास जाते, तर एकधारी समलंब स्क्रूत निम्म्याहून अधिक जोर घर्षणातच खर्च होतो. या घर्षणाचा एक फायदाही आहे : ८ मिमी व्यासाच्या २ मिमी लीडच्या स्क्रूवर टांगलेला स्पिंडल (कटर फिरवणारी मोटर) वीज गेली तरी जागेवर राहतो, बॉलस्क्रूवर किंवा ८ मिमी लीडवर तो आपल्या वजनाने खाली घसरू शकतो.

खरेदी करताना नवखे लोक अचूकतेच्या श्रेणीवर फार वेळ घालवतात. सी७ श्रेणीच्या बॉलस्क्रूत ३०० मिमीमागे ०.०५ मिमी, तर सी१० मध्ये ०.२१ मिमी चूक चालते. ही चूक बरीचशी एकसारखी साचत जाते, त्यामुळे ती सॉफ्टवेअरमध्ये निस्तरता येते. समजा, (पूर्ण पावलाचे बारीक तुकडे पाडून) मिमीमागे ३२० पावले लावून ३०० मिमीचा हुकूम दिला आणि गाडा २९९.८५ मिमीच सरकला, तर तो आकडा ३२०.१६ केला की काम भागते. शिवाय १ मीटर पोलाद १० अंश सेल्सिअस तापले की स्वतःच सुमारे ०.१२ मिमी वाढते. लाकूड कापणाऱ्याने सी५ साठी जादा पैसे मोजण्यात अर्थ नाही.

खेळ, म्हणजे बॅकलॅश, ही मात्र वेगळी बाब आहे. गाड्याला डायल गेज (बारीक सरक काट्याने दाखवणारे मापक) टेकवून एकाच दिशेने थोडे सरकवावे, काटा शून्यावर आणावा आणि मग ०.०१ मिमीच्या टप्प्यांनी उलट फिरवावे. काटा हलेपर्यंत जितके टप्पे वाया जातील तितका खेळ. यंत्र चालवणाऱ्या लिनक्ससीएनसी किंवा माक३ या सॉफ्टवेअरमध्ये तो भरून काढण्याची सोय आहे, पण ती कापताना गाडा ओढला जात नाही असे धरून चालते. प्रत्यक्षात कटरची फिरण्याची दिशा सरकेच्या दिशेशी जुळली की कटरच गाड्याला त्या मोकळ्या जागेत खेचतो आणि जॉबवर खाचा पडतात. म्हणून श्रेणीत वाचलेले पैसे नटवर व टोकांच्या आधारावर घालावेत : समलंब स्क्रूसाठी स्प्रिंग लावलेला दुहेरी नट, आणि मोटरकडच्या टोकाला अक्षीय भार पेलणारे, मागेपुढे न हलणारे बेअरिंग. १६ मिमीच्या बॉलस्क्रूला बीके१२ व बीएफ१२ ही तयार बेअरिंग-आधारांची जोडी चालते. मोटर व दांडा जोडणाऱ्या अॅल्युमिनियमच्या पिळदार कपलिंगने दांडा अक्षीय दिशेने धरण्याचा प्रयत्न करू नये. ते स्प्रिंगसारखे दबते.

मागणी नोंदवताना लांबी एकूण की फक्त आट्यांची, हे विचारून घ्यावे. ६०० मिमी सरक हवी असेल, तर नटाची सुमारे ५० मिमी लांबी, टोकांच्या घडाईचे सहा-सात सेंमी आणि दोन्हीकडची थोडी मोकळी जागा धरून ७५० मिमीच्या आसपासचा बॉलस्क्रू लागतो. टोके विक्रेत्याकडूनच घडवून घ्यावीत, कारण बॉलस्क्रूचा पृष्ठभाग कठीण केलेला असतो आणि साध्या हत्याराने लेथवर तो कापू लागताच हत्याराची धार जाते. नट दांड्यावरून कधीही तसाच काढू नये, नाहीतर गोळ्या जमिनीवर विखुरतात; आट्यांच्या तळाच्या व्यासाएवढ्या नळीवर सरकवूनच तो उतरवावा. कोकण-गोव्याच्या दमट हवेत साध्या पोलादाच्या स्क्रूवर पावसाळ्यात तेलाचा पातळ थर सतत ठेवावा लागतो, आणि लाकडाचा भुसा त्या तेलात कालवला जाऊ नये म्हणून वर झाकणही हवे.

भंगारात निघालेल्या कारखानी यंत्रांचे बॉलस्क्रू स्वस्तात मिळतात आणि कधीकधी ते नव्यापेक्षा सरस निघतात. दुकानातच दांडा सपाट काचेवर लोळवून खाली उजेड दिसतो का ते पाहावे, मग नट हाताने टोकापासून टोकापर्यंत फिरवावा. टोकांना घट्ट व मध्ये सैल लागला, तर दांडा मधल्या भागात झिजलेला असतो. मधल्या भागासाठी नट आवळला की तो टोकांना अडकतो, त्यामुळे असा स्क्रू नामांकित कंपनीचा असला तरी परत ठेवावा.