फटाक्यांचा स्टॉल लावायचा आहे? तात्पुरत्या परवान्याची पात्रता, जागेचे नियम आणि कागदपत्रे

दिवाळीच्या आठ-दहा दिवसांत फटाक्यांचा स्टॉल टाकून चार पैसे मिळवावेत, असा बेत दरवर्षी कितीतरी तरुण, बचत गटातल्या महिला आणि छोटे दुकानदार करतात. परवाना लागतो हे बहुतेकांना ठाऊक असते. म्हणून आधी कागदपत्रांची पिशवी भरली जाते, झेरॉक्स काढल्या जातात, ओळखीच्या माणसाला फोन जातो. अर्ज मात्र बहुधा अडतो तो जागेवर. स्टॉल कुठे उभा राहणार, कशाचा असणार आणि त्याच्या आजूबाजूला काय आहे, या तीन प्रश्नांची उत्तरे नियमात बसली तर बाकीचे कागद जमतात. ती बसली नाहीत तर कितीही कागद जोडले तरी उपयोग होत नाही. त्यामुळे या लेखातही आधी जागा, मग अर्ज.

फटाके हे कायद्याच्या दृष्टीने स्फोटक आहेत. त्यांना १८८४ चा विस्फोटक अधिनियम आणि त्याखालचे विस्फोटक नियम, २००८ लागू होतात. हे नियम केंद्राचे असल्याने महाराष्ट्रात आणि गोव्यात त्यांचा मजकूर एकच आहे. अंमलबजावणी मात्र स्थानिक असते. ग्रामीण भागात आणि पोलीस आयुक्तालय नसलेल्या शहरांत परवाना जिल्हादंडाधिकारी, म्हणजे जिल्हाधिकारी कार्यालय देते. मुंबई, ठाणे, नवी मुंबई, पुणे, पिंपरी-चिंचवड, नाशिक, नागपूर, सोलापूर, अमरावती, छत्रपती संभाजीनगर अशा आयुक्तालयांच्या हद्दीत हेच अधिकार पोलीस आयुक्तांकडे असतात. आपले गाव शहराला लागून असेल तर पहिल्यांदा हद्द तपासा. पत्ता शहराचा आणि पोलीस ठाणे ग्रामीणचे, असे पुष्कळ ठिकाणी आहे. चुकीच्या कार्यालयात दिलेला अर्ज ऐन दिवाळीच्या तोंडावर परत आला, तर दुसरीकडे धावपळ करायला दिवस उरत नाहीत.

सणापुरत्या दुकानांसाठी नियम ८४ आहे. तो लहानसा आहे, पण सगळा परवाना त्याच्यावर उभा आहे. प्रत्येक अर्जदाराने तो स्वतः वाचावा असे मी आग्रहाने म्हणेन, कारण एजंट तो सांगत नाहीत आणि मांडववाल्याला तो माहीत नसतो.

पहिली अट बांधणीची. स्टॉल न जळणाऱ्या साहित्याचा हवा आणि कोणीही सहज आत शिरू नये असा बंद करता यायला हवा. याचा सरळ अर्थ पत्र्याचा गाळा. कापडी मांडव, बांबू, ताडपत्री, प्लायवूड हे काहीही चालत नाही. पत्र्याच्या गाळ्याला शोभेसाठी आतून कापड लावले की तीच अट मोडते, हे लक्षात ठेवा.

दुसरी अट अंतराची. दोन स्टॉलमध्ये निदान ३ मीटर मोकळी जागा हवी. राहती घरे, शाळा, रुग्णालय, नाट्यगृह, कारखाना अशा संरक्षित वास्तूंपासून स्टॉल निदान ५० मीटर लांब हवा. स्टॉलची तोंडे समोरासमोर नकोत. एका ठिकाणी ५० हून अधिक स्टॉल नकोत. स्टॉलपासून ५० मीटरच्या आत फटाके उडवून दाखवायचे नाहीत. गिऱ्हाईक ‘एक लावून दाखवा’ म्हणाले तरी नाही.

तिसरी अट उजेडाची. स्टॉलमध्ये आणि सुरक्षित अंतराच्या आत तेलाचा दिवा, गॅसबत्ती किंवा कोणतीही उघडी ज्योत चालत नाही. विजेचे दिवे भिंतीला किंवा छताला पक्के बसवलेले हवेत, वायरला लोंबकळणारे नकोत. प्रत्येक स्टॉलचे बटण भिंतीवर घट्ट बसवलेले हवे आणि स्टॉलच्या प्रत्येक रांगेला एक मुख्य स्विच हवा, म्हणजे काही झाले तर अख्ख्या रांगेची वीज एका हाताने तोडता येते. इथे एक गोष्ट मुद्दाम सांगतो. धनत्रयोदशीला आणि लक्ष्मीपूजनाला दुकानात पूजा करायची आपली रीत आहे. फटाक्यांच्या स्टॉलमध्ये मात्र निरांजन, समई, उदबत्ती, धूप यातले काहीही लावायचे नाही. पूजा घरी करावी आणि स्टॉलवर फुले वाहून नमस्कार करावा.

या अंतरांना महत्त्व का, हे २९ ऑक्टोबर २०१६ रोजी सगळ्यांना दिसले. त्या वेळच्या औरंगाबाद शहरात, जिल्हा परिषदेच्या मैदानावरच्या फटाका बाजाराला लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी आग लागली. बघता बघता शंभरहून अधिक दुकाने जळून गेली आणि आसपास उभी असलेली वाहनेही जळाली. एका स्टॉलची आग शेजारच्याला गाठते ती उडालेल्या ठिणग्यांतून आणि सरपटत जाणाऱ्या बाणांतून. मधले ३ मीटर मोकळे सोडले तर माणसांना पळायला वाट मिळते आणि बंबाच्या नळाला आत शिरायला जागा. गाळ्यांच्या मध्ये रिकामे खोके रचले किंवा दुचाकी लावली की ती वाट बंद होते. पंचवीस माणसांनी मिळून एक मैदान घेतले असेल तर कागदावरचा नकाशा सगळे पाळताहेत ना, हे सगळ्यांनी मिळून पाहिले पाहिजे. तुमचा स्टॉल नियमात असेल आणि शेजाऱ्याचा नसेल, तर आग लागल्यावर दोन्ही सारखेच जळतात.

म्हणून भाड्याची बोली करण्याआधी मोजपट्टी घेऊन जागेवर जा. जवळच्या घराच्या भिंतीपासून ५० मीटर मोजा. शहराच्या जुन्या वस्तीत हे अंतर सहसा मिळतच नाही. निवासी भागातल्या तात्पुरत्या फटाका स्टॉलवर मुंबई उच्च न्यायालयानेही २०१७ मध्ये कडक भूमिका घेतली होती. सोसायटीच्या दारात, रस्त्याच्या कडेला किंवा किराणा दुकानापुढे टेबल टाकून विक्री करायची असेल, तर तसा परवाना मिळेल या आशेवर माल भरू नका. अनेक महापालिका आणि नगरपालिका आपली मैदाने नेमून देतात आणि तिथले गाळे लिलावाने किंवा सोडतीने देतात. नवख्या माणसाने तिथलाच गाळा घ्यावा, असे माझे मत आहे. भाडे जास्त वाटले तरी जागेची मान्यता, पाणी आणि अग्निशमनाची सोय यांचा मोठा भार डोक्यावरून उतरतो.

आता पात्रता. अर्जदाराचे वय १८ वर्षे पूर्ण हवे. हिंसेच्या किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा झालेल्या व्यक्तीला परवाना नाकारला जाऊ शकतो, म्हणूनच पोलिसांची चारित्र्य पडताळणी होते. परवाना ज्याच्या नावावर, विक्री त्याचीच. आपल्या नावावर गाळा घेऊन तो दुसऱ्याला पोटभाड्याने देण्याचा प्रकार सर्रास दिसतो. अपघात झाला तर जबाबदार नाव परवान्यावरचे धरले जाते, हे नाव देणाऱ्याने पक्के समजून घ्यावे. स्टॉलवर १८ वर्षांखालील मुलांना कामाला ठेवायचे नाही. घरचा मुलगा ‘नुसता गल्ल्यावर बसतो’ असे म्हणून भागत नाही.

अर्ज नमुना एई-५ मध्ये करायचा असतो आणि परवाना नमुना एलई-५ मध्ये मिळतो. दिवाळीच्या काही आठवडे आधी जिल्हाधिकारी कार्यालय किंवा पोलीस आयुक्तालय जाहीर सूचना काढते. अर्ज कधीपासून कधीपर्यंत घेणार, कोणत्या कार्यालयात, शुल्क किती आणि स्थानिक अटी कोणत्या, हे सगळे त्या सूचनेत असते. ती वर्तमानपत्रात येते, जिल्ह्याच्या संकेतस्थळावर येते आणि कार्यालयाच्या फलकावरही लागते. गणपती विसर्जन झाले की तिच्यावर लक्ष ठेवा. काही ठिकाणी अर्ज ऑनलाइन, काही ठिकाणी सेतू केंद्रातून आणि काही ठिकाणी थेट टेबलावर घेतात. आपल्या जिल्ह्याची पद्धत सूचनेतूनच बघा, मागच्या वर्षीच्या आठवणीवर जाऊ नका.

कागदपत्रांत सगळ्यात जास्त कष्ट नकाशावर घ्या. कोऱ्या कागदावर एक चौकोन काढून ‘स्टॉल’ लिहिले म्हणजे नकाशा झाला नाही. स्टॉलची लांबी-रुंदी, दार कुठल्या बाजूला उघडते, शेजारचे स्टॉल किती अंतरावर आहेत आणि चारही दिशांना ५० मीटरच्या आत काय काय आहे, हे त्यात मापांसह दिसले पाहिजे. पाण्याची पिंपे आणि मुख्य स्विच कुठे आहेत तेही दाखवा. नीट काढलेला नकाशा हातात असेल तर स्थळपाहणीला आलेल्या अधिकाऱ्याला पाच-दहा मिनिटांत सगळे जुळवून पाहता येते.

जागेच्या हक्काचा पुरावा तितकाच महत्त्वाचा. जमीन स्वतःची असेल तर सातबारा उतारा किंवा शहरात मालमत्ता पत्रक, भाड्याची असेल तर मालकाचे संमतीपत्र किंवा भाडेकरार, पालिकेच्या मैदानावरचा गाळा असेल तर वाटपपत्र. सातबाऱ्यावर चार भावांची नावे असतील आणि संमती एकाचीच असेल तर अर्जात त्रुटी निघते. सातबारा ताजा काढा आणि सगळ्यांच्या सह्या आधीच घ्या.

याशिवाय ओळखीचा आणि रहिवासाचा पुरावा, छायाचित्रे, अटी पाळण्याचे प्रतिज्ञापत्र आणि शुल्क भरल्याचे चलन लागते. शुल्क सूचनेत दिलेल्या लेखाशीर्षाखालीच, म्हणजे सरकारी जमेच्या त्याच शीर्षाखाली, भरा. लेखाशीर्ष चुकले तर पैसे सरकारजमा होऊनही तुमच्या अर्जाशी जुळत नाहीत. आधी परवाना घेतला असेल तर त्याची प्रत जोडा.

मग येतात ना हरकत दाखले. ग्रामपंचायत, नगरपालिका किंवा महापालिका यांचा एक, अग्निशमन विभागाचा एक, आणि स्थानिक पोलीस ठाण्याचा अहवाल. तिघे तीन वेगळ्या गोष्टी पाहतात. स्थानिक संस्था बघते की जागा विक्रीला देता येण्यासारखी आहे का. अग्निशमनवाले बंब आत येईल का, वाळूच्या बादल्या, पाणी आणि अग्निशामक सिलिंडर आहेत का, सिलिंडरची मुदत संपली नाही ना, हे तपासतात. पोलीस अर्जदाराची पडताळणी करतात, शिवाय गर्दी आणि वाहतूक यांचा विचार करतात. हे तिन्ही एकाच वेळी मागा. एक मिळाल्यावर दुसऱ्याकडे जायचे असे ठरवले तर दिवाळी निघून जाते. वीजजोडणीचेही तसेच आहे. शेजारच्या घरातून वायर ओढायची नाही. तात्पुरती जोडणी रीतसर घ्यावी आणि काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे.

अर्ज नामंजूर झाला तर तोंडी उत्तरावर समाधान मानू नका. नकाराचा आदेश लेखी असावा लागतो आणि त्याची कारणे तुम्ही मागू शकता. अंतर कमी पडले असेल तर दुसऱ्या जागेचा अर्ज त्वरित करता येतो. एखादा दाखला राहिला असेल तर तो पुरवता येतो.

परवाना हातात आल्यावर आधी त्यावरचे तीन तपशील वाचा: पत्ता, मुदत आणि किती किलो साठा ठेवता येईल ते. साठ्याची मर्यादा स्टॉलपुरती असते. जास्तीचा माल घरात, गाडीत किंवा गोदामात ठेवायची मुभा त्यातून मिळत नाही. माल परवानाधारक घाऊक विक्रेत्याकडूनच आणि पक्क्या बिलावर घ्या. तपासणीत माल कुठून आणला हे दाखवायला तेच बिल उपयोगी पडते. परदेशी बनावटीचे, चोरट्या मार्गाने आलेले फटाके ठेवूच नका.

कोणते फटाके विकता येतात, यावर सर्वोच्च न्यायालयाचा २३ ऑक्टोबर २०१८ चा आदेश आहे. बेरियमच्या क्षारांचे फटाके आणि एकमेकांना जोडलेल्या लडी यांवर त्यात बंदी आहे. ऑनलाइन विक्रीवरही आहे. त्यामुळे व्हॉट्सॲपवर यादी पाठवून घरपोच माल देण्याच्या फंदात पडू नका. हरित, म्हणजे कमी प्रदूषण करणाऱ्या, फटाक्यांचे सूत्र नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने विकसित केले, आणि फटाक्यांना मान्यता देणाऱ्या पेट्रोलियम व विस्फोटक सुरक्षा संघटनेचे मुख्यालयही नागपुरातच आहे. माल घेताना खोक्यावर हरित फटाक्यांचे बोधचिन्ह आणि क्यूआर कोड बघा आणि तो कोड मोबाइलवर उघडून खात्री करा. आवाजाचीही मर्यादा ठरलेली आहे: फुटल्या जागेपासून ४ मीटरवर १२५ डेसिबल. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत आवाजाचे फटाके वाजवायला मनाई आहे, आणि रुग्णालये, शाळा व न्यायालये यांच्याभोवतीच्या १०० मीटरच्या शांतता क्षेत्रात तर कोणत्याच वेळी परवानगी नाही. फटाके वाजवण्याच्या वेळा न्यायालये आणि स्थानिक प्रशासन आणखी कमी करू शकतात. मुंबईत २०२३ च्या दिवाळीत उच्च न्यायालयाने रात्री ८ ते १० एवढेच दोन तास दिले होते. तुम्ही स्टॉल लावाल त्या वर्षीची वेळ मोठ्या अक्षरांत लिहून स्टॉलवर लावा. गिऱ्हाइकाला ती कळण्याची सगळ्यात सोपी जागा तुमचा स्टॉलच आहे.

परवान्याशिवाय फटाके ठेवले किंवा विकले तर विस्फोटक अधिनियमाच्या कलम ९ ब खाली दोन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात, आणि माल जप्त होतो तो वेगळाच. गावाची जत्रा, लग्न किंवा मिरवणूक यांत जाहीर आतषबाजी करायची असेल तर स्टॉलचा हा परवाना तिथे चालत नाही. तिच्यासाठी वेगळी परवानगी काढावी लागते.

राहिला शिल्लक मालाचा प्रश्न. मुदत संपल्यावर उरलेले खोके घरी नेऊन माळ्यावर किंवा पलंगाखाली ठेवायचे, पुढच्या वर्षी विकायचे, असे अनेक घरांत चालते. ते बेकायदा आहे आणि घरातल्या सगळ्यांच्या जिवाला त्याचा धोका आहे. माल खरेदी करतानाच घाऊक विक्रेत्याशी शिल्लक परत घेण्याची बोली करा, ती बिलावर लिहून घ्या आणि मुदतीच्या शेवटच्या दिवशी माल त्याच्या गोदामात पोचवून पोच घ्या.