'फंक्शन ओळखा' : बडोद्यातील शालेय इंग्रजी परीक्षेची पार्श्वभूमी

गुजरात राज्याच्या मंडळाचा दहावीचा इंग्रजीचा पेपर पहिल्यांदा हातात घेणारे बडोद्याच्या दांडिया बाजारातील एखादे आजोबा 'फंक्शन', म्हणजे वाक्य कोणते काम करते ते, या शब्दापाशी अडखळतात. त्यांनी स्वतः शाळेत इंग्रजी वाक्यातल्या शब्दांचे व्याकरण चालवलेले असते, कर्तरीचे कर्मणी केलेले असते, वाक्यपृथक्करणही केलेले असते. पण वाक्याचे फंक्शन ओळखण्याचा प्रश्न त्यांना कोणी घातलेला नसतो. नातवाला मात्र 'शोइंग पर्पज' (हेतू दाखवणे), 'शोइंग कॉन्ट्रास्ट' (विरोध दाखवणे), 'डिस्क्राइबिंग पर्सन' (व्यक्तीचे वर्णन) अशी कितीतरी नावे पाठ असतात आणि प्रत्येक नावासमोर कोणता शब्द यायचा, हेही. ही नावे आली कोठून आणि पेपरात त्यांना एवढी जागा कशी मिळाली, हे पाहायचे तर थोडे मागे जावे लागते.

संस्थानी काळाबद्दल थोडक्यात सांगितले तरी पुरे. मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक १८५९ साली झाली आणि बडोद्याच्या हायस्कुलांतली मुले पुढे अनेक वर्षे तीच परीक्षा देत राहिली. नेमलेली पुस्तके, भाषांतर, व्याकरण आणि निबंध या चौकटीत इंग्रजीची परीक्षा होत असे. खरे वळण आले ते स्वातंत्र्यानंतर. १९४८ मध्ये तेव्हाच्या मुंबई सरकारने पाचवी ते सातवीच्या वर्गांतून इंग्रजी काढून टाकले. ३० एप्रिल १९४९ रोजी बडोद्याचे विद्यापीठ स्थापन झाले आणि दुसऱ्याच दिवशी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. विद्यापीठात शिक्षणाचे माध्यम इंग्रजीच राहिले; शाळा मात्र नव्या राज्याच्या धोरणाखाली आल्या आणि त्या धोरणात मुलाची इंग्रजीशी पहिली भेट आठवीत होणार होती.

या दोन गोष्टींमधली दरी पुढच्या सगळ्या परीक्षापद्धतींच्या मुळाशी आहे. तेव्हा शालान्त परीक्षा अकरावीला असे. आठवीत मुळाक्षरांपासून सुरुवात केलेल्या मुलाला चार वर्षांत ती परीक्षा द्यायची होती आणि लगेच इंग्रजीतून व्याख्याने ऐकायची होती. १९६० मध्ये गुजरात वेगळे झाल्यावर वाद आणखी तापला, कारण अहमदाबादच्या विद्यापीठाने गुजराती माध्यमाचा आग्रह धरला. मराठी आडनावाच्या एका पालकाने मुलाला इंग्रजी माध्यमाच्या वर्गात बसू द्यावे म्हणून दाद मागितली आणि सप्टेंबर १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमेव माध्यम लादण्याचा अधिकार विद्यापीठाला नाही, असा निर्णय दिला. महाविद्यालयांपुढचा प्रश्न त्या निर्णयाने काही अंशी सुटला. शाळेतल्या चार वर्षांचा प्रश्न तसाच राहिला.

त्या चार वर्षांसाठी निवडलेला उपाय म्हणजे रचनाधिष्ठित पद्धती. सोप्या वाक्यरचना आधी, अवघड नंतर, शब्दसंग्रह मोजका, आणि प्रत्येक रचनेचा तोंडी सराव. वर्गासाठी ती पद्धत वाईट नव्हती, हे आवर्जून सांगितले पाहिजे. गुजराती किंवा मराठी बोलणाऱ्या मुलाला इंग्रजी वाक्याची शब्दरचना त्यातून पक्की कळत असे. अडचण आली ती पेपर काढताना. शिकवलेल्या रचना मोजता येत होत्या, म्हणून 'सूचनेप्रमाणे बदल करा' हा प्रश्न तपासायला सोपा आणि गुण द्यायला निर्विवाद ठरला. वाचून काय समजले, हे त्याच सोयीने मोजता येत नव्हते. १९५२-५३ च्या माध्यमिक शिक्षण आयोगाने निबंधवजा प्रश्नांवरचा भार कमी करून वस्तुनिष्ठ कसोट्या आणण्याची शिफारस केली होती. इंग्रजीत त्या शिफारशीचा लाभ वाचनापेक्षा व्याकरणालाच अधिक झाला.

यानंतर 'फंक्शन' आले. १९७० च्या दशकात युरोपात परभाषा शिकणाऱ्या प्रौढांसाठी अभ्यासक्रम आखले जात होते. परक्या देशात गेलेल्या माणसाला विनंती करता आली पाहिजे, नकार देता आला पाहिजे, रस्ता विचारता आला पाहिजे. म्हणून काळ आणि प्रयोग यांच्या यादीऐवजी भाषेने करायच्या कामांची यादी करावी, असा तो विचार होता. या कामांना फंक्शन म्हटले गेले. काय शिकवायचे हे ठरवणाऱ्यांनी आपल्या सोयीसाठी केलेली ती यादी होती. शिकणाऱ्याने रस्ता विचारावा एवढीच अपेक्षा होती. आपण आता कोणते फंक्शन वापरले, हे त्याने सांगावे, अशी नव्हती.

आपल्याकडे हा विचार पाठ्यपुस्तकांत उतरला तेव्हा चांगल्या हेतूनेच उतरला. व्याकरणाच्या नियमांनी कंटाळलेल्या वर्गाला संवाद मिळाले. परंतु परीक्षेत संवाद बोलून घेण्याची सोय नव्हती आणि लेखी पेपरात विचारता येईल अशी एकच गोष्ट उरली, ती म्हणजे नाव. वाक्य द्यायचे आणि त्याचे फंक्शन विचारायचे, किंवा फंक्शन कंसात देऊन जागा भरायला सांगायची. काही वर्षे पेपराचा एक भाग ओएमआर पत्रिकेवर, म्हणजे गोल काळे करून यंत्राने तपासल्या जाणाऱ्या उत्तरपत्रिकेवर होता, तेव्हा चार पर्यायांत एक नाव बसवणे आणखीच सोयीचे झाले. अभ्यासक्रम आखणाऱ्याचा शब्द अशा रीतीने परीक्षार्थीचे उत्तर झाला. माझ्या मते आपल्या इंग्रजीच्या पेपरातील सर्वांत महागडी चूक हीच आहे.

ती चूक वहीत कशी दिसते, याचे एक उदाहरण देतो. 'सो दॅट' दिसले की 'शोइंग पर्पज' लिहायचे, असे मुलाने पाठ केलेले असते. 'रेल्वे चुकू नये म्हणून तो लवकर निघाला' या अर्थाच्या वाक्याला ते बरोबर लागते. पुढचे वाक्य 'धुके इतके दाट होते की बस थांबली' या अर्थाचे असते. त्यातही 'सो' आहे आणि 'दॅट' आहे, म्हणून मूल तेथेही हेतूच लिहिते, जणू बस थांबावी म्हणून धुके पडले होते. या मुलाला हेतू आणि परिणाम यांतला फरक कळत नाही, असे मुळीच नाही. घरी मराठीत तो 'चुकू नये म्हणून' आणि 'इतके दाट की' यांची गल्लत कधी करत नाही. शाळेत गुजरातीत 'जेथी' (जेणेकरून) कोठे येते, हेही त्याला ठाऊक असते. वाक्याचा अर्थ विचारला असता तर त्याने बरोबर सांगितला असता. त्याला नाव विचारले गेले, म्हणून त्याने अर्थाकडे पाहिलेच नाही.

उताऱ्यावरचे प्रश्न या दुखण्यातून सुटलेले नाहीत. 'काल झिपळ्याने टिंबुरा गडवात लोटंगला' हे वाक्य निरर्थक आहे, तरी 'टिंबुरा कोठे लोटंगला?' याचे उत्तर 'गडवात' असे कोणीही देईल. न पाहिलेल्या उताऱ्यावरचे पुष्कळ प्रश्न याच जातीचे असतात. प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधायचा आणि ती ओळ जशीच्या तशी उतरवायची, हे तंत्र क्लासमध्ये शिकवले जाते आणि त्याला पूर्ण गुण मिळतात. पाठातला उतारा असेल तर तेवढेही करावे लागत नाही, कारण गाईडमध्ये उत्तर तयार असते.

शहरातल्या केंद्रीय मंडळाच्या (सीबीएसई) शाळांची वाट थोडी निराळी होती. तेथे १९९० च्या दशकात संवादप्रधान इंग्रजीचा स्वतंत्र अभ्यासक्रम आला आणि व्याकरणाचे प्रश्न सुट्या वाक्यांवर न देता छोट्या परिच्छेदांत देण्याची रीत पडली. प्रत्येक ओळीत एक चूक शोधायची किंवा गळलेला शब्द भरायचा. मुलाला निदान सलग मजकूर वाचावा लागतो, म्हणून हा बदल मला मोलाचा वाटतो. २००९ पासूनच्या सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाच्या काळात ऐकण्या-बोलण्याची परीक्षाही सुरू झाली, पण दहावीची मंडळाची परीक्षा २०१८ मध्ये पुन्हा सर्वांना सक्तीची झाली तोवर ती मागे पडली होती. अलीकडच्या ८० गुणांच्या आराखड्यात वाचनाला २०, व्याकरणाला १०, लेखनाला १० आणि साहित्याला ४० गुण आहेत. न पाहिलेला मजकूर वाचून समजणे येथे व्याकरणाच्या दुप्पट मोलाचे आहे, ही त्या आराखड्यातली सर्वांत चांगली गोष्ट.

गुजरातमध्ये जून २०२२ पासून पहिली-दुसरीत इंग्रजी आले आणि तेथे आरंभी फक्त ऐकणे व बोलणे ठेवले गेले. त्या वर्षी पहिलीत बसलेली मुले मार्च २०३२ मध्ये दहावीचा पेपर लिहितील. आठवीत सुरुवात करणाऱ्या आजोबांना इंग्रजीची चार वर्षे मिळाली होती, या मुलांना दहा मिळतील. दहा वर्षे इंग्रजी ऐकलेल्या मुलाला फंक्शनचे नाव विचारण्याचे काही कारण उरत नाही. ते गुण दुसऱ्या एका न पाहिलेल्या उताऱ्याला द्यावेत आणि त्याखालचे प्रश्न असे असावेत, की त्यांचे उत्तर उताऱ्यातील कोणत्याही एका ओळीत जसेच्या तसे सापडणार नाही.