दहीभात, इसबगोल आणि पोटातले जंतू: पार्श्वभूमी

आमच्या बडोद्यातल्या दांडिया बाजारात कुणाचं पोट बिघडलं की दोन सल्ले हमखास, दुपारी दहीभात खा आणि रात्री कोमट पाण्यात इसबगोल घे. दोन्ही आपण एका दमात सांगतो पण दोघांच्या मागची गोष्ट वेगळी आहे.

दह्याची गोष्ट पॅरिसची. तिथल्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधे एली मेचनिकॉफ होते, रोगप्रतिकारशक्तीवरच्या कामासाठी १९०८ चं नोबेल मिळालेले. त्यांना ध्यास लागला होता म्हातारपणाचा. मोठ्या आतड्यातले जंतू विष तयार करतात आणि त्यानेच माणूस लवकर झिजतो, बल्गेरियातले शेतकरी आंबट दह्यामुळे खूप जगतात, मग आपणही ते जंतू पोटात सोडायचे, असं त्यांचं म्हणणं, ते स्वतः रोज आंबट दूध प्यायचे. आतड्यातल्या विषाची ही भीती इतकी पसरली की लंडनमधे आर्बथनॉट लेन नावाचे सर्जन बद्धकोष्ठासाठी चक्क मोठं आतडंच कापून काढायला लागले! वाचताना अंगावर काटा येतो. पुढे १९२० च्या दशकात कळलं की दह्यातला तो जंतू आतड्यात मुक्कामाला राहतच नाही, पाहुण्यासारखा येतो नि जातो. दही वाईट नाही, दूध न पचणाऱ्यांना तर ते सोसतं, पण नुसत्या दह्यावर भागत नाही.

दुसरी गोष्ट युगांडाची. तिथे बरीच वर्षं काम केलेले आयरिश सर्जन डेनिस बर्किट, त्यांनी बघितलं की खेड्यातल्या लोकांना शौचाला भरपूर आणि लवकर होते, अपेंडिक्सचं दुखणं फार क्वचित. हे त्यांच्या जेवणातल्या फायबरमुळे, म्हणजे धान्य-कडधान्यांतल्या चोथ्यामुळे, असं त्यांचं मत झालं आणि १९७० च्या दशकात ते सगळ्यांना फायबरचं महत्त्व सांगत फिरले. हा चोथा आपल्याला पचत नाही पण मोठ्या आतड्यातले जंतू तो आंबवतात, त्यातून ब्युटिरेट नावाचं आम्ल तयार होतं आणि आतड्याच्या अस्तराच्या पेशी मुख्यतः त्यावरच जगतात. फायबर बंद केलं तर जंतू आतड्याचा चिकट थरच खायला लागतात, हे उंदरांमधे दिसलंय.

२०१० साली बुर्किना फासोतल्या खेड्यातली मुलं आणि इटलीतल्या फ्लॉरेन्सची मुलं यांची तुलना झाली, आफ्रिकेतल्या मुलांच्या पोटात फायबर पचवणारे जंतू आणि अशी उपयोगी आम्लं कितीतरी जास्त. त्यांचं जेवण काय, तर बाजरी, ज्वारी, चवळी. म्हणजे आमच्या आजीचंच ताट की!

आता इसबगोल. ते आपल्या उत्तर गुजरातचं पीक, उंझाच्या बाजारात त्याचे मोठे सौदे होतात. पाण्यात टाकलं की दोन मिनिटांत चमचा उभा राहील इतकं फुगतं, पोट साफ होतं, पण जंतू ते फारसं आंबवू शकत नाहीत, त्यांच्या वाट्याला थोडंच येतं. त्यांना हवी उसळ. आम्ही मटकी रात्री भिजवून सकाळी पंच्यात बांधतो, दुसऱ्या दिवशी गाठोडं सोडलं की कापडातून मोड बाहेर आलेले असतात. पोट फुगायचं म्हणून आधी चार चमचेच घेत होतो, आता वाटीभर उसळ नि भाकरी आरामात जाते.