फाइल हस्तांतरण प्रोटोकॉल : कार्यक्षमतेची तुलना

एका संगणकावरची फाइल इंटरनेटवरून दुसऱ्यावर नेण्याच्या नियमसंचाला फाइल हस्तांतरण प्रोटोकॉल म्हणतात. कार्यक्षमतेचा विषय निघाला की हेडरमध्ये, म्हणजे डेटाच्या प्रत्येक गठ्ठ्याला जोडलेल्या पत्त्यासारख्या माहितीत, किती बाइट वाया जातात याचीच चर्चा फार होते. मोठ्या फाइलसाठी टीसीपी-आयपीच्या (इंटरनेटवर डेटा पोचवण्याच्या मूळ नियमांच्या) हेडरचा हा खर्च तीन टक्क्यांच्या आसपास असतो. खरा वेळ जातो तो पोचपावतीची वाट पाहण्यात.

टीएफटीपी या अगदी साध्या प्रोटोकॉलमध्ये हे सर्वांत स्पष्ट दिसते. मूळ नियमांनुसार ५१२ बाइटांचा एक गठ्ठा पाठवायचा आणि त्याची पोच आल्याखेरीज पुढचा सोडायचा नाही. मुंबईहून अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यापर्यंत संदेश जाऊन-येऊन साधारण २०० मिलिसेकंद लागतात; म्हणजे सेकंदाला पाच गठ्ठे, अवघे अडीच किलोबाइट. १० मेगाबाइटच्या फाइलला तासाहून अधिक वेळ लागेल, मग जोडणी कितीही वेगवान असो. कार्यालयातल्या स्थानिक नेटवर्कवर हेच काम काही सेकंदांत उरकते. म्हणूनच नेटवर्कवरून संगणक बूट करण्यासाठी हा सुटसुटीत प्रोटोकॉल अजून टिकून आहे.

एफटीपीचा (फाइल ट्रान्सफर प्रोटोकॉलचा) पहिला आराखडा आयआयटी कानपूरचे माजी विद्यार्थी अभय भूषण यांनी एमआयटीत असताना एप्रिल १९७१ मध्ये मांडला. यात आज्ञांसाठी एक जोडणी असते आणि बहुधा प्रत्येक फाइलसाठी वेगळी नवी. एकच मोठी फाइल असेल तर एफटीपी आजही उत्तम चालतो. हजार छोटे फोटो पाठवताना मात्र दर फोटोमागे संदेशांच्या जाण्या-येण्याच्या तीन फेऱ्या जरी धरल्या, तरी वरच्याच अंतरावर दहा मिनिटे नुसत्या प्रतीक्षेत जातात. आधी सगळ्यांची एक टार फाइल (अनेक फाइली एकत्र बांधलेली एकच फाइल) करणे हा त्यावरचा जुना आणि खात्रीचा उपाय.

एसएसएच या सुरक्षित जोडणीतून फाइल पाठवणारा एसएफटीपी संथ असण्याचे खापर सहसा एन्क्रिप्शनवर, म्हणजे डेटा सांकेतिक रूपात बदलण्यावर, फुटते, आणि ते बहुतेकदा चुकीचे असते. आजचे प्रोसेसर एन्क्रिप्शन सहज पेलतात. अडचण येते ती एसएसएच टीसीपीच्या विंडोवर स्वतःची आणखी एक विंडो लादते म्हणून. पोच न आलेला किती डेटा वाटेत असू शकतो, याची मर्यादा म्हणजे विंडो. १०० मेगाबिटची जोडणी आणि २०० मिलिसेकंदांचा विलंब असेल, तर सुमारे अडीच मेगाबाइट सतत वाटेत असावे लागतात. विंडो ६४ किलोबाइटची असली तर वेग जेमतेम अडीच मेगाबिटवर अडकतो. १९९२ मध्ये टीसीपीत विंडो वाढवण्याची सोय आली ती याच कारणाने.

आरसिंकची चाल निराळी आहे. अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी १९९६ मध्ये आणलेला हा कार्यक्रम दोन्हीकडच्या प्रतींची तुकड्यातुकड्याने तुलना करून फक्त बदललेला भाग पाठवतो. रोजच्या बॅकअपसाठी त्याला तोड नाही. पण फाइल आधीच झिप केलेली असेल, तर सुरुवातीच्या एका बदलाने पुढचे जवळपास सगळे बाइट बदलू शकतात आणि हा फायदा हातचा जातो.