लायब्ररी खचतेय म्हणे!

अमेरिकेतल्या ब्लूमिंग्टनला, इंडियाना विद्यापीठात पिढ्यान्‌पिढ्या एक किस्सा फिरतोय: इंजिनिअर पुस्तकांचं वजन धरायलाच विसरला, म्हणून मुख्य ग्रंथालय दरवर्षी इंचभर जमिनीत जातं. छे! 1969 साली उघडलेली ही वेल्स लायब्ररी चुनखडीच्या जाड कातळावर उभी आहे. खचायला तिथे भुसभुशीत माती हवी ना! आणि वजन विसरणार कोण? घराच्या स्लॅबसाठी चौरस मीटरला साधारण 200 किलो भार धरतात, पुस्तकांच्या रॅकखाली 700 च्या वर. अकरा मजली पूर्व टॉवरमध्ये संशोधनाची पुस्तकं आहेत. खुशाल वर जा, हवं ते काढा. हाच किस्सा इतर विद्यापीठांच्या लायब्रऱ्यांबद्दलही सांगतात. बिचारा विसरभोळा इंजिनिअर, किती ठिकाणी विसरला असेल!