नाशिकची घरपट्टी: जकात गेली तिथून २०१८ पर्यंत

नाशिकमध्ये घरपट्टीचा विषय निघाला की बोलणं २०१८ वर येतंच. त्या वर्षी फेब्रुवारीत तुकाराम मुंढे महापालिका आयुक्त म्हणून रुजू झाले. त्याच महिन्यात निवासी मिळकतींच्या करात ३३ टक्के, बिगरनिवासी ६४ टक्के आणि औद्योगिक मिळकतींच्या करात ८२ टक्के वाढ मंजूर झाली. ३१ मार्चला, आर्थिक वर्षाच्या शेवटच्या दिवशी, नव्या मिळकतींचं करयोग्य मूल्य, म्हणजे ज्या रकमेवर कराचे टक्के लागतात ती, वाढवणारा आयुक्तांचा आदेश निघाला. ऑगस्टमध्ये प्रकरण अविश्वास ठरावापर्यंत गेलं आणि नोव्हेंबरात मुंढे यांची बदली झाली.

एक कडक अधिकारी विरुद्ध नगरसेवक, अशीच ही हकीकत बहुतेकांच्या लक्षात राहिली आहे. पण त्या भांडणाचा पाया कितीतरी आधी घातला गेला होता, आणि त्याचा सगळ्यात मोठा भार ज्यांच्यावर पडला ती कुटुंबं त्या वेळी मोर्चातही नव्हती आणि सभागृहातही. म्हणून मागे जाऊन पाहावं लागतं.

नाशिक महानगरपालिका १९८२ साली स्थापन झाली. नाशिक, नाशिकरोड-देवळाली आणि सातपूर या नगरपालिका एकत्र आल्या, आणि आडगाव, म्हसरूळ, मखमलाबाद, पाथर्डी अशी वीसहून अधिक खेडीही हद्दीत आली. या खेड्यांचं हद्दीत येणं पुढे महत्त्वाचं ठरतं. नव्या महापालिकेला पैसा मिळत होता तो मुख्यतः जकातीतून. सातपूर आणि अंबड औद्योगिक वसाहतींना लागणारा कच्चा माल, रविवार पेठेत उतरणारं किराणा आणि कापड, बांधकामाचं सिमेंट-लोखंड, जे काही शहरात येईल त्यावर नाक्यावर कर भरूनच ट्रक पुढे सरकायचा. रोजचा रोख पैसा रोजच्या रोज तिजोरीत पडत असे.

जकात घरच्या माणसाला कधी दिसली नाही. तेलाच्या डब्यात, शाळेच्या गणवेशात, पत्र्यात, फरशीत ती मिसळलेली असायची. व्यापारी नाक्यावर भरायचा आणि दरात धरून वसूल करायचा. जकातीवर तक्रार होती ती व्यापाऱ्यांची आणि वाहतूकदारांची: नाक्यावरच्या रांगा, मालाची उलटतपासणी, पावतीवरून होणारी हुज्जत. गरीब आणि श्रीमंत दोघांच्याही खरेदीवर ती सारख्याच दराने बसत होती, म्हणजे कमी मिळकत असलेल्या घराच्या खर्चातला तिचा वाटा मोठा होता. तरी जकात वाढली म्हणून सिडकोतल्या कामगार कुटुंबांनी मोर्चा काढल्याचं कोणी सांगत नाही, कारण ते भरत आहेत हे त्यांच्या हातात कागदावर कधी आलंच नाही.

जकात भरभरून येत असल्यामुळे घरपट्टीला हात लावायची गरज कोणाला वाटली नाही. घराघरात बिल पाठवून मतदाराचा रोष ओढवण्यापेक्षा नाक्यावर भागतंय तर भागू द्या, हे प्रत्येक सत्ताधाऱ्याला सोयीचं होतं. प्रशासन करवाढीचा प्रस्ताव आणायचं आणि तो बाजूला पडायचा. घरपट्टी वर्षानुवर्षं जवळपास गोठलेली राहिली. सामान्य नाशिककराला त्या काळात ते बरंच वाटलं, पण तुंबलेली वाढ नंतर एकदम अंगावर येणार होती.

राज्यातल्या नगरपालिकांमधली जकात १९९९ मध्येच बंद झाली होती. महापालिकांमध्ये ती चालू राहिली. मग तिच्या जागी स्थानिक संस्था कर, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी बसलेला एलबीटी आला. २०१० पासून काही लहान महापालिकांत आणि २०१३ मध्ये नाशिकसह बहुतेक मोठ्या शहरांत. नाके उठले, पण व्यापाऱ्याला नोंदी ठेवून विवरणपत्र भरणं आलं. त्याविरुद्ध राज्यभर व्यापाऱ्यांनी दुकानं बंद ठेवली. नाशिकच्या बाजारपेठाही त्यात होत्या. बंद बेमुदत होऊ लागला तेव्हा महिन्याचा किराणा भरणाऱ्या घरांची अडचण झाली, आणि कर हा विषय पहिल्यांदा स्वयंपाकघरापर्यंत पोचला. व्यापाऱ्यांचा आवाज ऐकला गेला. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत एलबीटी रद्द करण्याचं आश्वासन दिलं गेलं आणि १ ऑगस्ट २०१५ पासून वार्षिक ५० कोटींपेक्षा कमी उलाढाल असलेल्या व्यापाऱ्यांना तो माफ झाला. म्हणजे जवळजवळ सगळ्यांनाच.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी, कारण तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. एलबीटीच्या वेळी घरखरेदीच्या दस्तावर एक टक्का जादा अधिभार आला होता. व्यापाऱ्यांचा एलबीटी गेला, हा एक टक्का राहिला. नाशिकमध्ये फ्लॅट घेताना पाच टक्के मुद्रांक शुल्कावर हा एक टक्का आजही मोजावा लागतो. ३० लाखांच्या घरावर तो ३० हजार रुपये होतो. घर घेणारा माणूस आयुष्यात एखाद्याच वेळी दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात जातो; त्याची संघटना नसते, तो बंद पुकारू शकत नाही. मला यात सरळ अन्याय दिसतो.

१ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि शहरांच्या हातातला मालावरचा कर पूर्ण संपला. त्याऐवजी राज्य सरकार महापालिकांना दरमहा नुकसानभरपाई देऊ लागलं. कायद्यात तिची वाढ वर्षाला आठ टक्के धरलेली आहे. पैसा येतो, पण तो मुंबईहून येतो. नाशिकमध्ये कारखाने वाढले, खरेदी-विक्री वाढली, तरी त्याचा थेट हिस्सा महापालिकेला मिळत नाही. स्वतःच्या अखत्यारीत उरल्या त्या घरपट्टी, पाणीपट्टी आणि बांधकाम परवानग्यांची शुल्कं. २०१८ ची करवाढ जीएसटीनंतर आठव्या महिन्यात आली, हा योगायोग मानणं मला तरी जमत नाही.

आता घरपट्टी ठरते कशी, ते. महापालिका घराचं संभाव्य वार्षिक भाडं धरते. बांधकामाचा प्रकार, वापर आणि परिसर पाहून दर चौरस फुटाला महिन्याचा दर ठरलेला असतो. त्यातून दुरुस्तीपोटी दहा टक्के वजा केले की उरतं ते करयोग्य मूल्य. त्यावर सर्वसाधारण कर, पाणी, मलनिस्सारण, दिवाबत्ती, अग्निशमन, वृक्ष अशा वेगवेगळ्या करांचे टक्के लागतात, आणि राज्याचा शिक्षण करही त्याच बिलातून वसूल होतो. उदाहरणादाखल, सहाशे चौरस फुटांचं घर आणि दर एक रुपया धरला तर वर्षाचं भाडं ७,२०० आणि करयोग्य मूल्य ६,४८०. दर चार रुपये झाला की हेच मूल्य २५,९२० होतं. कराचे टक्के तेच राहिले तरी बिल चौपट होतं.

हे दर देशभरच्या जुन्या शहरांत मागे पडले त्याला कायद्याचंही एक कारण आहे. भाडेनियंत्रण कायद्याखाली घराचं जे प्रमाण भाडं ठरेल त्याहून जास्त भाडं गृहीत धरून कर लावता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९७९ च्या अखेरीस दिवाण दौलत राय कपूर खटल्यात दिला होता. मुंबईने पुढे, २०१० पासून, भाड्याऐवजी भांडवली मूल्यावर कर लावायला सुरुवात केली. नाशिक भाड्याच्याच पद्धतीवर राहिलं.

२०१८ च्या दोन निर्णयांत म्हणूनच फरक करायला हवा. पहिला फेब्रुवारीचा: जुन्या-नव्या सगळ्यांच्या करात टक्केवारीने वाढ. ती सगळ्यांना लागली, आणि इतकी वर्षं कर वाढला नव्हता हे पाहता निवासी घरांची ३३ टक्के वाढ समजून घेता येण्यासारखी होती. दुसरा ३१ मार्चचा: १ एप्रिल २०१८ नंतर नोंद होणाऱ्या मिळकतींचे भाडेदर कितीतरी पटींनी वर नेणं. या आदेशाने शहरातली घरं तारखेने विभागली. एकाच रस्त्यावर, एकाच बिल्डरची दोन घरं. एकाला मार्चमध्ये पूर्णत्वाचा दाखला मिळाला, दुसऱ्याला मेमध्ये. क्षेत्रफळ तेच, नळाला येणारं पाणी तेच, घंटागाडी तीच, आणि दोघांच्या बिलांत मात्र पटींचा फरक.

प्रशासनाची बाजूही मांडली पाहिजे. त्या सुमारास झालेल्या मिळकत सर्वेक्षणात हजारो मिळकतींची करासाठी नोंदच नसल्याचं उघड झालं. जे भरत होते त्यांच्या जिवावर न भरणारे राहत होते. स्मार्ट सिटीची कामं, मलनिस्सारण, रस्ते, शिवाय दर बारा वर्षांनी सिंहस्थ. पैसा लागतच होता. मुंढे यांच्या शिस्तीचं कौतुक करणारे नाशिककर कमी नव्हते. ऑगस्टमध्ये त्यांच्या समर्थनार्थही लोक रस्त्यावर उतरले.

विरोधाची धार मात्र मोकळ्या जागांवरच्या करामुळे चढली. १९८२ साली हद्दीत आलेली खेडी इथे पुन्हा समोर येतात. मखमलाबाद, आडगाव, पाथर्डीकडे आजही मळे आहेत, द्राक्षबागा आहेत, आणि तिथलं कुटुंब महापालिकेच्या हद्दीत राहूनही शेतीवर जगतं. चौरस फुटावर हिशेब होणारा कर एकराच्या जमिनीला लावला तर आकडा कुठे जाईल, हे शेतकऱ्याला कोणी समजावून सांगावं लागलं नाही. शेतजमिनीवरही कर बसणार, ही धास्ती गावागावांत पसरली. शेतकरी, व्यावसायिक, उद्योजक आणि सर्वपक्षीय नगरसेवक एका बाजूला आले. महासभेने करवाढीविरुद्ध भूमिका घेतली, पण करयोग्य मूल्य ठरवणं हा आयुक्तांचा अधिकार आहे, यावर प्रशासन ठाम राहिलं.

राजकारणाची अडचण वेगळीच होती. २०१७ च्या निवडणुकीत नाशिककरांनी भाजपला १२२ पैकी ६६ जागा दिल्या होत्या, आणि प्रचारात मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी नाशिक दत्तक घेण्याचं जाहीर केलं होतं. मुख्यमंत्र्यांनीच पाठवलेल्या आयुक्तांविरुद्ध त्यांच्याच पक्षाने अविश्वास ठरावाची तयारी केली. ठरावावर सभा होण्याआधी मुंढे यांनी वाढीव दर सुमारे निम्म्यावर आणले, मुख्यमंत्र्यांनी मध्यस्थी केली आणि ठराव मागे घेतला गेला.

शहराला वाटलं, जिंकलो. पण निम्म्यावर आणलेला दरही जुन्या दराच्या पटीतच होता आणि तारखेची भिंत तशीच राहिली. ज्यांची घरं १ एप्रिल २०१८ च्या आधी नोंदली गेली होती त्यांच्यापुरता प्रश्न मिटला, आणि त्यांचीच संख्या मोठी असल्याने आवाजही ओसरला. उरले ते नंतर घर घेणारे. पाथर्डी फाट्यापलीकडे किंवा आडगावकडे वन-बीएचके घेणारं कामगाराचं, शिक्षिकेचं, अंबडच्या कंपनीतल्या सुपरवायझरचं कुटुंब. हप्ता सुरू झाल्यावर त्यांच्या हाती पहिलं बिल आलं आणि शेजारच्या जुन्या सोसायटीचं बिल पाहून फरक कळला. भाडेकरूला तर बिल येतच नाही. अकरा महिन्यांचा करार संपला की घरमालक भाडं वाढवून ते वसूल करतो.

मुंबईत जानेवारी २०२२ मध्ये पाचशे चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा मालमत्ता कर माफ झाला. त्यानंतर ‘आमच्याकडे का नाही’ हा प्रश्न नाशिकमध्येही विचारला गेला. पण त्याच वर्षी मार्चमध्ये नगरसेवकांची मुदत संपली, निवडणुका लांबल्या आणि महापालिकेचा कारभार प्रशासकाकडे गेला. कराची तक्रार घेऊन ज्याच्या दारात जायचं तो नगरसेवकच काही वर्षं पदावर नव्हता.

मधल्या काळात केंद्राचे कर बदलत राहिले आणि त्यांची दखल घरांनी लगेच घेतली. जुलै २०२२ मध्ये पाकीटबंद पीठ, दही, पनीर, गुळावर पाच टक्के जीएसटी लागला तेव्हा सुट्या मालाकडे वळलेली घरं होती. २२ सप्टेंबर २०२५ ला, घटस्थापनेच्या दिवशी, बारा आणि अठ्ठावीस टक्क्यांचे टप्पे गेले. साबण, टूथपेस्ट, केसांचं तेल पाच टक्क्यांवर आलं, वैयक्तिक आरोग्य आणि आयुर्विम्याच्या हप्त्यावरचा कर गेला. दुकानात किंमत कमी झाली का, हे लोक छापील दर पाहून विचारू लागले. घरपट्टीच्या बाबतीत असं विचारणं अवघड आहे, कारण करयोग्य मूल्य कशावरून काढलं हे बिलावरून सहजी उमगत नाही.

कायद्याने दाद मागता येते. नव्या मिळकतीवर कर बसवताना महापालिकेने विशेष नोटीस द्यायची असते आणि ठरलेल्या मुदतीत हरकत घेता येते. निर्णय पटला नाही तर न्यायालयात अपील करता येतं. मात्र त्यासाठी वादातली रक्कम आधी भरावी लागते. थकवली तर दरमहा दोन टक्के शास्ती चढते, आणि शास्ती माफ करणारी अभय योजना आली तर तिचा फायदा थकवणाऱ्यांना होतो, वेळेवर भरणाऱ्यांना नाही. माझी मागणी एवढीच आहे की दर आजच्यापेक्षा थोडा वर न्यायचा असेल तर तो शहरातल्या सगळ्या घरांसाठी टप्प्याटप्प्याने न्यावा, जुन्या घरांचाही त्यात समावेश असावा, आणि १ एप्रिल २०१८ नंतरच्या घरांचा दर त्याच पातळीवर खाली आणावा. यात जुन्या घरात राहणाऱ्यांना थोडं जास्त भरावं लागेल. माझ्या मते ते त्यांनी भरावं.