उफुक सारिजा: एफेसचा शूटर, कार्शियाकाचा कोच आणि शांघायचे ते चार फ्री थ्रो

2019 बास्केटबॉल वर्ल्ड कपची तुर्की-अमेरिका मॅच निघाली की तेव्हाचा तुर्कीचा कोच सारिजा याचं नाव निघतं, आणि बहुतेक वेळा शिव्यांसकटच, कारण शेवटी चार फ्री थ्रो (फाउलनंतर मिळणारे, कोणी न अडवता मारायचे एकेका पॉइंटचे शॉट) घालवून तुर्की एका पॉइंटने हरली आणि दोष त्याच्यावर आला. म्हणून आधीचं काय ते थोडं सांगतो.

प्लेअर म्हणून तो नव्वदच्या दशकातल्या एफेस पिल्सन या इस्तंबूलच्या क्लबचा, लांबून थ्री (तीन पॉइंटचा शॉट) मारणारा गार्ड. 1993 ला तोरिनोत युरोपियन कपची फायनल, ग्रीसच्या आरिसकडून 50-48 ने हरले (एवढा कमी असला तरी स्कोर बरोबर आहे, हाफटाइमचा नाहीये). मग 1996 चा कोराच कप, हीपण युरोपातल्या क्लबांची स्पर्धा, दोन लेगची फायनल, इस्तंबूलला 76-68 जिंकले, मिलानमध्ये 77-70 हरले, म्हणजे टोटल एका पॉइंटने कप घरी. तुर्की बास्केटबॉलचा तो पहिला युरोपियन कप. पुढे कोचिंग, आणि 2011 मध्ये सीझन चालू असतानाच एफेसचा हेड कोच झाला, पण 2012 ला तिथून बाहेर.

खरा सारिजा त्यानंतरचा. इझमीर शहरातल्या कार्शियाका भागाच्या क्लबने त्याला घेतलं. इझमीरच्या गाड्यांचा कोड 35, तर हे लोक स्वतःला साडेपस्तीस म्हणवतात, म्हणजे आम्ही इझमीरपेक्षा वेगळे, यावरून काय ते समजा. 2013 ला युरोचॅलेंज या युरोपियन क्लब स्पर्धेची फायनल घरच्या कोर्टवर हरले, 2014 ला तुर्की कप जिंकला, आणि 2015 ला थेट लीग. सेमीत इस्तंबूलच्या फेनरबाह्चेला हरवलं, फायनलच्या सिरीजमध्ये एफेसला, तेही 4-1. ज्या क्लबमधून बाहेर पडला त्यालाच, आणि बजेटमध्ये जमीन-अस्मानाचा फरक असताना! कार्शियाकाचं त्याआधीचं टायटल 1987 चं होतं. फायनलचा एमव्हीपी (सर्वोत्तम प्लेअर) ठरलेला अमेरिकन गार्ड मात्र लगेच फेनरबाह्चेला गेला, छोट्या क्लबचं हे नेहमीचंच, आणि पुढच्या वर्षी युरोलीगमध्ये, म्हणजे युरोपातल्या सगळ्यात मोठ्या क्लब स्पर्धेत, कार्शियाकाला टॉप 16 पण गाठता आलं नाही.

2016 ला बेशिकताश, हापण इस्तंबूलचा क्लब, तिथे पहिल्याच सीझनला लीगची फायनल पण फेनरबाह्चेने 4-0 धुतलं. नॅशनल टीमचं काम सोबतच चालू झालं. 2017 पासून वर्ल्ड कपचे क्वालिफायर विंडोमध्ये आले, म्हणजे सीझनच्या मधेच मॅचेस, आणि नोव्हेंबर-फेब्रुवारीत एनबीए, युरोलीग कोणी थांबायला तयार नाही, त्यामुळे मिळतील ते प्लेअर घेऊन खेळायचं. तशी टीम घेऊन तुर्की वर्ल्ड कपला पोचली, त्याच ग्रुपमधून युरोप चॅम्पियन स्लोव्हेनिया बाहेर गेली, हे कोणी धरतच नाही.

आता शांघाय, 3 सप्टेंबर. रेग्युलर टाइम संपायला 0.1 सेकंद असताना तुर्की 2 ने पुढे आणि अमेरिकेच्या थ्रीवर फाउल, त्यांनी तीन फ्री थ्रोपैकी दोन आत टाकले, 81-81. ओव्हरटाइममध्ये शेवटच्या काही सेकंदांत तुर्की 92-91 पुढे, आणि अमेरिकेवर अनस्पोर्ट्समनलाइक फाउल. इथेच सगळा घोळ होतो. या फाउलला दोन फ्री थ्रो मिळतात आणि वर बॉल पण तुमच्याचकडे राहतो, म्हणून पाठोपाठ चार शॉट आले. पहिले दोन एका डिफेन्सवाल्या गार्डने घालवले, बॉल आत आला, लगेच फाउल, पुढचे दोन एनबीएत खेळणाऱ्या फॉरवर्डने घालवले. मग अमेरिकेचे दोन फ्री थ्रो, दोन्ही आत, 2.1 सेकंद बाकी, अमेरिका 93-92, विषय संपला.

आता लोक म्हणतात की शूटर का नाही पाठवला. अरे पण ज्याच्यावर फाउल झाला त्यानेच मारायचे असतात, कोचला तिथे चॉइसच नसतो. मग उरतो एवढाच प्रश्न की तो गार्ड त्या वेळी कोर्टवर कशाला, तर एका पॉइंटने पुढे असताना चांगला डिफेंडर बाहेर बसवणारा कोच मला तरी माहीत नाही. आणि दुसरे दोन ज्याने घालवले त्याच्या हातात बॉल देण्याबद्दल तर कोणाची तक्रार नसावी! त्याच अमेरिकेला पुढे फ्रान्सने हरवलं आणि ते सातवे आले, म्हणजे मॅच जिंकण्यासारखी होती हे खरंच.

चूक शोधायचीच तर पुढच्या मॅचमध्ये शोधा, चेक रिपब्लिककडून 91-76. टीम त्या रात्रीतून सावरलीच नाही, आणि हे मात्र कोचच्या खात्यात जातं. तुर्की शेवटी 22 वी.

नंतर नॅशनल टीम सुटली. बेशिकताशनंतर तो कार्शियाकाला परत आलेला होताच, आणि मे 2021 मध्ये तीच टीम बास्केटबॉल चॅम्पियन्स लीगच्या फायनलला नेली, स्पेनच्या बुर्गोसकडून 64-59 हार. त्याच महिन्यात एफेसने युरोलीग जिंकली, त्यामुळे इस्तंबूलच्या बाहेर कोणी काय केलं याकडे फारसं कोणाचं लक्षच गेलं नाही.